खाफ्रेच्या डोक्यामागचा ससाणा

कैरोला तहरीर चौकातल्या इजिप्शियन म्युझियममध्ये खाफ्रे या प्राचीन इजिप्तच्या राजाचा पुतळा बहुतेक जण समोरून बघतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. समोरून त्यातली मुख्य गोष्ट दिसतच नाही. दोन-तीन पावलं बाजूला सरका. राजाच्या मानेमागे होरस ससाणा बसलाय आणि पंख पसरून त्याने राजाचं डोकं कवेत घेतलंय. समोरून नुसता राजा, बाजूने राजा आणि देव एकत्र. इतकी विचारपूर्वक केलेली मांडणी फार थोड्या पुतळ्यांत सापडते.

पुतळा 168 सेंटीमीटर उंच आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ओग्युस्त मारिएत यांना 1860 मध्ये तो गिझाला, खाफ्रेच्या पिरॅमिडसमोरच्या उताराखाली असलेल्या मंदिरात, एका खड्ड्यात मिळाला. दगड मात्र गिझाचा नाही. पार दक्षिणेला, अबू सिंबेलजवळच्या वाळवंटातल्या खाणीतून आणलेला तो नाइस नावाचा कठीण दगड आहे. उन्हात याच्यावर निळसर झाक येते.

लोखंडी हत्यारं तेव्हा नव्हती. तांब्याची छिन्नी चुनखडीवर चालते, पण या दगडावर लगेच बोथट होते. म्हणून काम ठेचून आणि घासूनच. डोलेराइट या फार कठीण दगडाचे गोटे हातात धरून दगडाचा चुरा करत आकार काढायचा. कापायचं असेल तिथे तांब्याच्या पात्याखाली गारेची वाळू घालायची. कापते ती वाळू, तांबं तिला नुसतं रेटतं. शेवटी बारीक वाळूने घासून झिलई. यात धोका असतो तो निमुळत्या, सुट्या भागांना. घाव जरा चुकला की ते उडतात आणि सगळी मेहनत वाया. म्हणून खाफ्रेचे हात मांड्यांवर टेकलेत आणि पोटऱ्यांमागचा दगड सिंहासनापर्यंत तसाच ठेवलाय. उभ्या दगडी पुतळ्यांत दंड आणि बरगड्यांमधली फटही बहुधा भरलेलीच असते.

ही अडचण दगडाची होती, कारागिराची नव्हे, हे का-अपेर या पुजाऱ्याचा लाकडी पुतळा बघितला की पटतं. तो सिकमोर झाडाचा, म्हणजे आपल्या उंबराच्या भाऊबंदाचा. त्याच्या लाकडात हात वेगळे घडवून धडाला जोडलेत, त्यामुळे हात आणि अंग यांच्यामध्ये मोकळी हवा आहे. डावा पाय पुढे टाकायची रीत मात्र तीच. गोल चेहरा, सुटलेलं पोट. कैरोजवळच्या सक्कारा या दफनभूमीत तो निघाला तेव्हा मजुरांना आपल्या गावचा मुखियाच आठवला आणि 'शेख अल-बलद' हे नाव पडलं. आपल्याकडे त्याला पाटीलच म्हटलं असतं.

राजपुत्र रहोतेप आणि त्याची बायको नोफ्रेत ही जोडी रंगवलेल्या चुनखडीची, मेदूम या गावी सापडलेली. पुरुष तांबूस, बाई पिवळसर, हा तिथला ठरलेला संकेत. डोळ्यांत स्फटिक बसवलेत. नोफ्रेतच्या कपाळाशी वाका: केसांच्या जाड टोपाच्या कडेखालून तिचे स्वतःचे केस डोकावतात. फोटो घ्यायचा तर फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल काचेला अगदी टेकवा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही.

तुतनखामुनचा मुखवटा आता गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. 54 सेंटीमीटर उंच, दहा किलोंहून जास्त सोनं. डोक्यावरच्या कापडाचे निळे पट्टे काचेचे आहेत. खरा लाजवर्द, म्हणजे गडद निळा मौल्यवान दगड, भुवयांना आणि पापण्यांना लावलाय. हनुवटीखाली नीट बघा, दाढी वेगळी घडवून जोडलेली आहे. 2014 मध्ये ती निखळली आणि घाईने इपॉक्सी या पक्क्या गोंदाने चिकटवली गेली. इपॉक्सी वाईट, कारण एकदा घट्ट झालं की सहज निघत नाही आणि खरवडताना सोन्यावर ओरखडे उठतात. पुढच्या वर्षी ते काळजीपूर्वक काढलं आणि दाढी मधमाश्यांच्या मेणाने बसवली. मेण ऊब दिली की सुटतं. जुन्या वस्तूला लावायचा डिंक असाच हवा.