सात आठवडे अंगावर काढलं

बाळ नऊ दिवसांचं असताना पहिल्यांदा जाणवलं, गॅस मागून न जाता योनीतून जातोय. फोर्सेप्स (बाळाला बाहेर ओढायचा चिमटा) लावून प्रसूती झाली होती, फाटलेलं थेट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलं होतं. टाके ओले आहेत, बरं होईल, असं वाटलं. मग एकदा पॅडवर पिवळसर डाग दिसला. वास आल्यावर शंका उरली नाही. तरी सात आठवडे गप्प राहिले. ज्यांना विचारलं त्यांनी "बाळंतपणानंतर अंगावरून जातंच" म्हणून सोडून दिलं. "संडास तिथून येतेय" हे वाक्य काही माझ्या तोंडातून निघेना.

शेवटी दवाखान्यात ते तसंच्या तसं बोलले. डॉक्टरांनी आधी बोटाने तपासलं. भोक बारीक होतं, म्हणून योनीत टॅम्पॉन (कापसाचा बोळा) ठेवून गुदाशयात निळं औषध सोडलं. थोड्या वेळाने टॅम्पॉन काढला, तर त्यावर निळा डाग. तो बघून मला रडू आलं, पण मनातलं ओझंही उतरलं. मला भास होत नव्हते तर! नाव कळलं, रेक्टोव्हजायनल फिस्टुला. (लोक ऐकून भगंदर समजतात. हे वेगळं, यात गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये वाट पडते.) एमआरआय आणि गुदद्वाराची सोनोग्राफीही झाली, स्नायू किती तुटलाय ते बघायला. जुलाब, क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा आजार), पूर्वी कधी रेडिएशन, सगळं विचारलं. क्रोन्स असेल तर आधी आतड्याची सूज आटोक्यात आणावी लागते.

मला वाटलं, लगेच शिवतील. पण सुजलेल्या जागी टाके धरत नाहीत, म्हणून तीन महिने थांबवलं. हा काळ सगळ्यात अवघड गेला. शौच पातळही नको, घट्टही नको, रोज कोमट पाण्यात बसायचं, दर दोन तासांनी पॅड बदलायचं. बाळाला पाजताना मांडी घालून बसता येत नव्हतं.

मग ऑपरेशन झालं. तुटलेला स्नायू जोडला आणि गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा पदर ओढून भोकावर शिवला. काहींना तात्पुरती पोटावर पिशवी लावावी लागते, मला लागली नाही. भोक पुन्हा उघडू शकतं, दुसरं ऑपरेशन लागू शकतं, हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं. सहा आठवड्यांनी तपासलं, जखम भरली होती. पुढचं बाळंतपण सिझेरियननेच, असं फाईलवर लाल अक्षरांत लिहिलंय.