जोहरी बाजार: सकाळी, पायी आणि रिक्षावाल्याविना

जयपूरचा जोहरी बाजार संध्याकाळी, दिवे लागल्यावरच पाहावा, असे निघण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येकाने बजावले होते. खरेदीपुरता हा सल्ला ठीक असेल. रस्ता पाहायचा असेल तर हा सल्ला निव्वळ दिशाभूल करणारा आहे. १७२७ साली सवाई जयसिंहांनी वसवलेल्या आणि विद्याधर भट्टाचार्यांनी आखलेल्या या शहराचे मुख्य रस्ते सुमारे ३३ मीटर रुंद आहेत, हे सांगानेरी दरवाजा ते बडी चौपड हा चौक या जोहरी बाजाराच्या पट्ट्यातल्या संध्याकाळच्या कोंडीत कोणालाही खरे वाटणार नाही.

दुकाने उघडण्याच्या आत या. रविवार मिळाला तर अधिक बरे, कारण त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतात. एका बाजूला उभे राहून समोरची बाजू पाहिली, की खाली एकसारख्या गाळ्यांची ओळ, वर कमानी व झरोके, गेरूवर पांढऱ्या रेघांची नक्षी आणि दुकानांच्या माथ्यावर बांधलेली, रस्त्यावरून जिने चढून जाण्याची देवळे, असा सगळा हिशेब उलगडत जातो. हा रंग शहराच्या स्थापनेपासूनचा असल्याचे वाटाडे बेलाशक ठोकून देतात; ‘गुलाबी शहर’ हे नाव मात्र १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी झालेल्या रंगकामानंतरचे आहे.

आता गाळ्यांपुढच्या ओसरीविषयी. ही छपराची वाट १९४० च्या दशकात, दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या काळात झाली. कल्पना उत्तम, पण आजची अवस्था वैताग आणणारी आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे. मध्ये कपड्यांचे गठ्ठे, दुकानदारांची स्टुले, खाली लावलेल्या दुचाकींची चाके. ऊन चढल्यावर रस्त्यावर थांबवत नाही आणि ओसरीत शिरल्यावर माथ्यावरचे काहीच दिसत नाही. चालण्याची सवय असलेल्यांचीही येथे दमछाक होते. चाकांच्या खुर्चीने येणाऱ्यांनी ओसरीचा नाद सोडावा.

रिक्षा तर करूच नका. भाडे बडी चौपडीपर्यंतचे ठरवून आमच्या चालकाने ‘सरकारी दराच्या’ म्हणवणाऱ्या एका दालनापुढे गाडी उभी केली, आम्ही आत जायला नकार दिल्यावर तोंड फिरवले आणि उतरताना ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले. रेल्वे स्थानकापासून मेट्रोची गुलाबी मार्गिका थेट बडी चौपडीखाली आणून सोडते, त्यामुळे ही कटकट टळते. ही चौपड रस्त्याच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट बाजूचा चौक आहे. बाहेर येताच मोकळे वाटते, ते त्यामुळे.

तेथून उत्तरेला लागलीच १७९९ चा हवामहल आहे. त्याची रस्त्याकडची बाजू पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळचे ऊन थेट तिच्यावर पडते. प्रवेश मात्र मागून आहे. समोरच्या गच्चीवरील उपाहारगृहांत चहाच्या नावाखाली छायाचित्राचेच पैसे घेतात. खालच्या पदपथावरून दिसते ते पुरेसे आहे.

आमेर आणि नाहरगड हे किल्ले ठरल्याप्रमाणे पार पडले, त्यांविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. खरेदी करायचीच असेल, तर रत्नांच्या व्यापाराच्या ‘गोपालजी का रास्ता’ या गल्लीत दुपारी जा, परंतु खड्यांची पारख असलेला माणूस बरोबर नसेल तर पाकीट बंदच ठेवा.