ऊझो, पाणी टाकलं की पांढरी

नागपूरला धरमपेठेत मित्राकडे ग्रीसवरून आलेली ऊझोची, म्हणजे तिकडच्या दारूची, बाटली उघडली तर अख्ख्या खोलीत बडीशेपेचा वास. दिसायला एकदम पारदर्शक, पण ग्लासात थंड पाणी ओतलं ना की बघता बघता ताकासारखी पांढरी होते, कारण अॅनिसच्या (बडीशेपेसारख्या) बियांमधलं अॅनेथॉल नावाचं वासाचं तेल अल्कोहोलमध्ये मस्त विरघळलेलं असतं अन पाणी वाढलं की त्याचे बारीक बारीक थेंब सुटतात. म्हणून आधी पाणी, मग बर्फ, डायरेक्ट बर्फ टाकला तर अॅनेथॉलचे खडे धरतात. कमीत कमी ३७.५ टक्के अल्कोहोल असतं बरं का, गोडसर लागते म्हणून गटागट प्याल तर गेले कामातून.

युरोपियन युनियनच्या नियमाने ऊझो हे नाव फक्त ग्रीस अन सायप्रसमध्ये बनलेलीलाच लावता येतं. लेस्बोस बेटावरचं प्लोमारी गाव यासाठी फेमस. तिकडे सोबत ऑलिव्ह, फेटा चीज, भाजलेला ऑक्टोपस, आणि घोट घोट घेत तासन्तास गप्पा. आम्ही सोबत सावजी मटण ठेवलं होतं, तर्रीपुढे ऊझोचा वासही आला नाही, मग तळलेली मासोळी मागवली, ती मात्र जमली राजा.