रॅक १८ मिलिमीटर खाली

इंदूरला सांवेर रोडवर माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. शेड, गेट, जिने, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, हे पोटापाण्याचं. गाड्यांचं वेड लागलं ते जवळच्या पिथमपूरमुळे. २००७ मध्ये तिथे बाहा एसएईइंडिया ही कॉलेजांची गाड्यांची स्पर्धा सुरू झाली. कॉलेजची मुलं पाइपच्या सांगाड्यावर बांधलेल्या बग्ग्या घेऊन येतात आणि स्पर्धा तोंडावर आली की वेल्ड सुटले म्हणून आमच्यासारख्यांची दारं वाजवतात. मुलं हुशार असतात. कॉम्प्युटरवर सगळं काढून आणतात, पण ग्राइंडर धरायला लावला की तोंडं पाहण्यासारखी होतात.

त्यांच्यातल्याच एकाने काकांना माझ्याकडे धाडलं. काका लोकमान्य नगरचे, विद्युत मंडळात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर त्यांनी मेहुण्यांच्या शेतावर, सिमरोलच्या अलीकडे, गोठ्याशेजारच्या खोलीत एक गाडी बांधली. दोनच सीट, छप्पर नाही, चाकं अंगाबाहेर, लांबलचक नाक. लोटस या इंग्लिश कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या सेव्हन या गाडीच्या घाटाची. विलायतेत ती सुट्या भागांत विकत मिळायची. तयार गाडीवर खरेदीकर लागे, खोक्यातल्या सामानावर लागत नसे, म्हणून लोक घरीच जोडत. काका ही गोष्ट भेटेल त्याला सांगतात आणि वर म्हणतात, "आपल्याकडे खोकंसुद्धा आपणच बनवायचं."

खोकं असं होतं: एक इंची चौकोनी पाइप, सोळा गेज, लोहामंडीतून वजनावर घेतलेला. ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल. स्टिअरिंगची रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी, मारुती ८००ची. पुढे दोन्ही बाजूंना घरी वेल्ड केलेले वरखाली विशबोन, म्हणजे चाक धरणारे व्ही आकाराचे हात. अंगावर फायबर, तेही स्वतः मॅट आणि रेझिन लावून. प्रत्येक नटावर पिवळ्या पेंटची रेघ, म्हणजे सैल झाला तर लांबून दिसावं. आमच्या धंद्यात ही रेघ ओढणारा माणूस क्वचित भेटतो. वेल्डसुद्धा माझ्या दोन कारागिरांपेक्षा बरे होते, आणि हे मी त्या दोघांना ऐकवलं.

दुखणं असं, की गाडी तीसच्या पुढे गेली आणि खड्डा आला की स्टिअरिंग हातातून निसटायचं. सपाटीवर सरळ, खाचखळग्यात पिसाळलेली. काकांनी ती छोट्या हत्तीत चढवून शहरातल्या अलाइनमेंटवाल्यांकडे फिरवली होती. प्रत्येकाने मशीन लावलं, टो (चाकांचं तोंड किती आत-बाहेर ते) बसवला, स्क्रीनवर हिरवं आलं, पैसे घेतले. एकानेही गाडी वरखाली दाबून पाहिली नाही. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं, आणि ही गाडी उभी असताना निरोगीच होती. ज्याला फक्त हिरवा रंग ओळखता येतो त्याला मेकॅनिक का म्हणावं, हे मला कळत नाही.

दुखण्याचं नाव बंप स्टिअर. चाक वर उचललं की विशबोन एका वर्तुळात फिरतात आणि रॅकपासून चाकापर्यंत जाणारा टायरॉड दुसऱ्या. ही दोन वर्तुळं जुळली नाहीत तर टायरॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो, आणि तुम्ही स्टिअरिंग हलवलेलं नसताना चाक वळतं. कारखान्याच्या गाडीत हे इंजिनिअरांनी आधीच सोडवलेलं असतं. घरी बांधणारा मात्र रॅक जिथे मावते तिथे बसवतो. काकांच्या ड्रॉइंगमध्ये रॅक बरोबर जागी होती, पण प्रत्यक्षात तिथे इंजिनचा संप, म्हणजे तळाची तेलाची टाकी, आडवा आला, म्हणून ती वर सरकली होती.

मी स्प्रिंग काढले, स्टिअरिंग मधोमध बांधून टाकलं. चाकाच्या हबला सरळ पट्टी बोल्ट केली, तिच्या दोन टोकांना बारीक माप दाखवणारे डायल गेज टेकवले आणि चाक जॅकने दहा-दहा मिलिमीटर उचलत गेलो. काका शेजारी ग्राफपेपर घेऊन बसले होते. साठ मिलिमीटर वर येईपर्यंत त्या ३०० मिलिमीटरच्या पट्टीवर टो ९ मिलिमीटर बदलला होता. चांगल्या गाडीत तो एकाच्या आत राहतो. मोठी गंमत ग्राफवरच्या रेघेत होती. ती वाटीसारखी वाकली असती तर टायरॉडची लांबी चुकलेली; पण ती तिरपी आणि सरळ होती, म्हणजे फक्त उंची. काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे लांबी मी बरोबर काढली होती." मापं मांडली तर रॅक १८ मिलिमीटर वर निघाली.

संप कापून उथळ केला, तेलाची जागा बाजूला वाढवून दिली. रॅकचे ब्रॅकेट आधी लांबट भोकांचे केले, शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालून वरखाली करून पाहिलं, रेघ आडवी झाल्यावरच पक्के वेल्ड केले. रॅक खाली गेली की स्टिअरिंगच्या दांड्याचे कोन बदलतात, म्हणून दोन्ही युनिव्हर्सल जॉइंट एका रेषेत आणावे लागले, नाहीतर स्टिअरिंग एका जागी हलकं आणि दुसऱ्या जागी जड लागतं. या कामाचं बिल मी लावलं ते कमीच होतं, हे बायकोचंही मत आहे.

शेतातल्या सरळ वाटेवर काका आधी वीसने गेले, मग चाळीस, मग किती ते मला धुळीत दिसलं नाही. माझा पोरगा ओरडला, "भिया, ये तो सीधी चल री है!" काका परत आले तेव्हा चष्मा धुळीने पांढरा आणि चेहरा पंचवीस वर्षांच्या मुलाचा. उतरायच्या आधीच म्हणाले, "आता भेरूघाट." म्हणजे खंडवा रोडवरचा घाट.

इथे माझं डोकं अडकलंय. ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्यात नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही. नोंदणीला फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र, लागतं, आणि नवीन मॉडेलचा नमुना चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तो कायदा कारखान्यांसाठी लिहिलेला आहे, एका म्हाताऱ्यासाठी त्यात खिडकी नाही. इंग्लंडमध्ये एकेक गाडी तपासून पास करायची सोय आहे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचना बदललेल्या गाड्यांचीही वाट बंद केली. विनोद असा की पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक काकांच्या घरापासून तासाभरावर आहे, आणि तिथे काकांच्या निम्म्या दर्जाचे वेल्ड केलेल्या बग्ग्या मुलं बिनधास्त पळवतात. काकांना तिथलं दार बंद.

आजवर गाडी तीसच्या पुढे जायला घाबरायची, म्हणून काका शेतात होते. कायद्याचा धाक त्यांना कमी, त्या थरथरणाऱ्या स्टिअरिंगचा जास्त. तो धाक मी काढला. काम नीट झालं याबद्दल मला तिळभर शंका नाही. ते नीट झालं हीच अडचण आहे. विमा नाही, नंबर नाही, समोरून खंडव्याकडचा ट्रक येतोय. काही झालं तर आधी काकांना विचारतील, मग रॅक कोणी बसवली ते.

काकूंना सांगावं असं एकदा मनात आलं. पण काकू स्वतः शेजारच्या सीटवर बसून फेरी मारून आल्या होत्या, आणि केस बांधायला रुमाल मागत होत्या.

परवा काकांचा फोन आला. "मागच्या नंबरप्लेटला दिवा लागतो ना रे, कायद्याने? तर प्लेटचं ब्रॅकेट आणि दिवा, दोन्ही करून आण." मी म्हटलं, काका, आधी ब्रेकचं बघू. ते खोटं नाही. ओम्नीचे मागचे ड्रम भरल्या व्हॅनसाठी बनवलेले, या गाडीची पाठ हलकी, त्यामुळे जोरात दाबलं की मागची चाकं आधी लॉक होतात. मधे मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा प्रोपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकावाच लागणार आहे. व्हॉल्व्ह छोटी ग्वालटोलीत मिळतो, आणि बसवायला एक दुपार पुरते. काका रोज विचारतात, कधी येतोस. मी माल यायचाय म्हणून सांगतोय.