समुद्र दाराशी, मग टाकीत मासे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हर्णै बंदरावर पापलेट-सुरमईचा लिलाव चाललेला, आणि हा माणूस परसात चिलापी पाळतोय, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. गावाला तर हसू येतं. गोड्या पाण्याचा मासा आमच्याकडे कोणी ताटात घेत नाही, हेही मला ठाऊक आहे.

अहो, मासे माझं मुख्य पीक नाहीच. पीक पालक, माठ, लेट्यूस. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, जांभ्यावर मातीचा थर वीतभर, आणि बाजारातली मेथी घाटावरून येईपर्यंत मान टाकते. अ‍ॅक्वापॉनिक्समध्ये, म्हणजे मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवण्याच्या पद्धतीत, तेच पाणी फिरत राहतं. माशांनी टाकलेल्या अमोनियाचं खडीतले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते मुळं घेतात, पाणी परत टाकीत. उडून जाईल तेवढंच वरून भरायचं. लोह मात्र वेगळं द्यावं लागतं, नाहीतर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या उरतात.

हे सगळं मी लोकांना फार झोकात सांगायचो. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. शेडनेट कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही. विजेचे खांब आडवे, रस्ते झाडांनी अडलेले, डिझेल आणणार कुठून? इन्व्हर्टरवर एअर पंप रात्रीपर्यंत कसाबसा चालला. त्याची घरघर थांबली तसे मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. आम्ही घरातले सगळे पाळीपाळीने बादलीने पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतत होतो, तेवढीच हवा मिसळेल म्हणून. हात भरून यायचे, बादली थांबली की लगेच मासे वर. आधी मोठे मेले. प्राणवायू कमी पडला की मोठेच आधी जातात, हे मी वाचलेलं होतं. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तेव्हा त्या वाचण्याचा काही उपयोग नव्हता. मेलेले लगेच काढावे लागतात, नाहीतर अमोनिया वाढून उरलेलेही जातात. सकाळी दारचा माड उपटून पडला होता, त्याच्याच खड्ड्यात पुरले. वीज यायला आठवडे लागले.

“सांगत होतो ना,” म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. त्याच दुपारी लोकांच्या पोफळी, माड, आंबे गेले. बागायत इथे चालायची नाही, असं कोणी म्हणालं नाही. यावर माझाच जुना मी मला अडवतो: माडाला वीज लागत नाही. बरोबर आहे. आता सौर पॅनल आहे, मासे कमी ठेवतो, तरी पावसाळी ढग चार दिवस हटले नाहीत की झोप लागत नाही.

आणि खाद्य? पोत्यावरचे घटक वाचा, त्यात फिशमील आहे. म्हणजे समुद्रातलीच बारीक मासळी सुकवून, दळून माझ्या टाकीत येते. शाश्वत शेती म्हणून मिरवताना मी हे सांगत नसे. तुम्ही समुद्राचं नाव काढता तेव्हा खरं तर हेच टोचतं, चिलापीला हसलात ते नाही. हल्ली काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवून पाहतोय. त्या पोत्याची जागा घेतील का, माहीत नाही. सध्या अळ्यांचा डबा मागच्या पडवीत आहे, आणि तो तिथे राहणार की नाही यावर घरात वाद चालू आहे.