कोणत्या सालची?

मर्सिडीज खरंच भारी असते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एरवी हे मी तोंडीच सांगतो, तेही हाताला ग्रीस असताना.

चिंचवडला माझं गॅरेज आहे. गाडी लिफ्टवर चढली की गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, चहा येतो आणि कप अर्धा व्हायच्या आत प्रश्न येतो, "काय हो, मर्सिडीज खरंच एवढी भारी असते, की नुसतं नावच?" विचारणाऱ्याची स्वतःची वॅगनआर वर टांगलेली असते. मी उलट विचारतो, "कोणत्या सालची?" समोरच्याला वाटतं, मी टाळतोय. टाळत नाही. पण एवढ्या जुन्या कंपनीबद्दल सरसकट काय बोलणार? एखाद्या घराण्यात सोयरीक करताना आपण काय करतो, आजोबांची पुण्याई ऐकून घेतो आणि मग हळूच मधल्या पिढीची चौकशी करतो. तसंच आहे हे.

आमच्या घरात मर्सिडीज मी शाळेत होतो तेव्हापासून आहे, असं सांगितलं की लोक हसतात. ती ट्रक होती. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जुनी विकत घेतलेली टाटा-मर्सिडीज, नाकवाली. कराडहून गूळ भरून मुंबईला न्यायचे. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. करार १५ वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला आणि पुढच्या ट्रकांवर मर्सिडीजच्या तीन टोकांच्या चांदणीच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. आमच्या ट्रकवर अजून चांदणी होती. दसऱ्याला अण्णा ती रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे आणि झेंडूची माळ तिच्याच टोकांना अडकवायचे, म्हणून माझ्या डोक्यात ती तीन टोकं कित्येक वर्षं माळ अडकवायची सोय म्हणूनच होती. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आपली इंजिनं चालावीत असा त्या टोकांचा अर्थ आहे, हे मला आयटीआयला गेल्यावर कळलं.

तर, सालं.

१८८८ ची म्हणाल तर भारी. पण गाडीपेक्षा बाई भारी. कार्ल बेंझनं मानहाइम शहरात तीन चाकांची गाडी तयार केली आणि २९ जानेवारी १८८६ ला पेटंटचा अर्ज भरला. एक सिलिंडर, ताकद एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. त्याच्या धंद्यात बायकोचा पैसा होता. बेर्तानं लग्नाच्या आधीच आपला हुंडा मागून घेऊन त्याच्या भागीदाराचा वाटा सोडवला होता. गाडी झाली, पण घ्यायला कोणी येईना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन पोरांना बरोबर घेऊन गाडीनं निघाली ती थेट माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर शंभरेक किलोमीटर.

वाटेत काय काय झालं ते कोणत्याही मेकॅनिकला ऐकवा, त्याचा चेहरा फुलतो. इंधन संपलं, तर तिनं वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. लोक ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इग्निशनची तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. आज माझ्याकडे लोक "लायनर बदला" म्हणून येतात, त्याची सुरुवात ही. चढ आला की पोरांनी खाली उतरून ढकलायचं. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. आणि त्यानं तो बसवला. मला हा शेवटचा भाग सगळ्यात आवडतो. गिऱ्हाइकानं सांगितलेलं ऐकून घेणं हे आमच्या धंद्यात दुर्मीळ, आणि इथं तर सांगणारी बायको.

आता नावाचं. बेंझला नाव होतं, चांदणी नव्हती, ‘मर्सिडीज’ही नव्हतं. ते दुसऱ्या घरातून आलं. मानहाइमपासून फार लांब नसलेल्या कान्श्टाटला गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघं त्याच काळात त्याच खटपटीत होते. डाइमलर १९०० मध्ये वारला. त्याच वर्षी नीसमध्ये राहणाऱ्या एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्यानं कंपनीला सांगितलं, गाडी लांब, रुंद आणि बुटकी करा, जोरदार इंजिन बसवा, मी ३६ गाड्या घेतो, पण नाव माझ्या मुलीचं ठेवायचं. मुलीचं नाव मर्सिडीज. मायबाखनं गाडी बनवली, १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिनं बाकीच्यांना धूळ चारली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं १९२६ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे जोडनाव तयार झालं.

हा येलिनेक कोण, तर व्हिएन्नामधल्या एका नामवंत ज्यू धर्मगुरूचा मुलगा. म्हणजे ज्या लांबलचक काळ्या गाडीत उभा राहून हिटलर सलामी घ्यायचा, तिच्यावर एका रब्बीच्या नातीचं नाव होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला होता.

म्हणून १९४४ ची मर्सिडीज भारी होती का असं कोणी विचारलं, तर मी गप्प होतो. त्या वर्षी कंपनीत साडेत्रेसष्ट हजारांच्या आसपास माणसं काम करत होती आणि त्यांतली जवळपास निम्मी वेठीला धरलेली होती: परदेशातून पकडून आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. हे आता कंपनी स्वतःच सांगते, पण स्वतःच्या इतिहासाची नीट चौकशी करायला तिला १९८० चं दशक उजाडावं लागलं. बेर्ता बेंझ वारली तीही १९४४ च्या मे महिन्यात, ९५ वा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. चामडं ठोकून घेत माहेरी गेलेली बाई आणि ते कारखाने एकाच आयुष्यात बसतात. कंपनीच्या गौरवाच्या गोष्टी सांगणारे लोक १९३९ वरून टुणकन १९५० वर उडी मारतात. मी मारत नाही. पुढं घेतलेल्या गाडीचं मोल त्यानं कमी होत असेल-नसेल, पण घराण्याची चौकशी करतोय ना आपण?

मग येतो बेला बारेनी, मर्सिडीजचा इंजिनिअर. याचं नाव कुणाला माहीत नसतं, आणि माझ्या मते खरी पत इथं कमावली गेली. त्या काळी समजूत अशी की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. बारेनी म्हणाला, मधला माणसं बसायचा भाग कडक ठेवा, पुढचा आणि मागचा मुद्दाम चेपेल असा करा, म्हणजे धक्का पत्रा खाईल, माणूस नाही. १९५१ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये तशी पहिली गाडी विकायला आली. आजही आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी तक्रार करतं, "काय हल्लीच्या गाड्या, पत्रा निव्वळ पापड! आमची अँबॅसडर बघा, भिंतीला धडकली तर भिंत पडायची." मी विचारतो, आणि आत बसलेल्याचं काय व्हायचं? गाडी पापड झाली म्हणून तुम्ही इथं बसून चहा पिताय. कुणाला पटत नाही. बिल बघितल्यावर तर अजिबात नाही.

तसंच ब्रेकचं. अण्णांनी मला खंबाटकीच्या उतारावर शिकवलं, ब्रेक दाबून धरायचा नाही, पंप करायचा. चाक अडकलं की स्टिअरिंग तुझं नाही. पावसाळ्यात हे माहीत नसलेले ड्रायव्हर दरीच्या कडेला सापडायचे. बॉशबरोबर काम करून १९७८ मध्ये मर्सिडीजनं आपल्या मोठ्या एस-क्लास गाडीला इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारे ब्रेक, दिले, तेव्हा अण्णांचा पायच जणू त्या डब्यात घातला, फक्त सेकंदाला कितीतरी पट जास्त वेळा पंप करणारा. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या ४० वर्षांत आपण पायानंच पंप करत होतो.

आता १९९५ ची विचाराल तर माझा पक्षपात कबूल करतो. त्या वर्षी टेल्कोच्या चिखलीच्या आवारात भारतात बनलेली पहिली ई-क्लास तयार झाली, डब्ल्यू १२४ म्हणतात ते मॉडेल. जर्मनीत हे मॉडेल १९८४ चं, तिकडे त्याचे दिवस भरत आलेले. शिळी गाडी आपल्या माथी मारली, अशी कुरकूर झाली. मला तेव्हाही वाटायचं, शिळी भाकरी तव्यावर परतली की जास्त चांगली लागते.

तिचा वायपर बघितलाय? एकच असतो. साधा एकटा वायपर अर्धं वर्तुळ पुसतो आणि वरचे दोन्ही कोपरे तसेच राहतात. हिचा वायपर मात्र कोपऱ्याशी आला की हात लांब करतो, मधोमध वर आला की आखडून घेतो, पुन्हा पलीकडच्या कोपऱ्यात लांब करतो. काचेवर उभा दांडा नाचल्यासारखं दिसतं. बुडाशी दात्यांची एक छोटी यंत्रणा आहे, तिची ही सगळी करामत. काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. माझ्याकडे कामाला नवीन पोरगा आला आणि अशी गाडी आत असली की मी काचेवर मगानं पाणी ओततो आणि वायपर चालू करतो. जो पोरगा दोनदा बघून बोनेट उघडायला धावतो, तो टिकतो. जो मोबाइल काढून व्हिडिओ घेतो, तोही टिकतो म्हणा, पण काउंटरवर.

कुणी ग्रीसमधल्या टॅक्सीवाल्याचा दाखला देतो. १९७६ ची मर्सिडीज २४० डी, ४६ लाख किलोमीटर चालवली, २००४ मध्ये कंपनीनं ती संग्रहालयात नेली. खरं आहे. पण त्यानं इंजिनं आळीपाळीनं कितीदा तरी बदलली होती, हे सांगणारा दाखला देताना गाळतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. इंजिन उतरवून परत चढवावंसं वाटेल अशी बाकीची गाडी राहिली, कौतुक त्याचं.

आणि १९९७? त्या वर्षी छोटी ए-क्लास आली. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं तिची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मूस, म्हणजे आपल्या सांबराच्या दुप्पट थोराड हरीण, आडवं आलं असं समजून गाडी झटकन एका बाजूला काढायची आणि पुन्हा लेनमध्ये आणायची. ए-क्लास उलटली. सुरक्षिततेचा टेंभा मिरवणाऱ्यांची गाडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वर कुणीतरी पूर्व जर्मनीची जुनीपुराणी ट्राबंट त्याच वळणांतून सुखरूप काढून दाखवली, म्हणजे जखमेवर मीठ. कंपनीनं आधी आढेवेढे घेतले, मग विक्री थांबवली आणि प्रत्येक गाडीला इएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, फुकट बसवून दिली. मोठ्या गाड्यांतली ही महागडी वस्तू छोट्या गाडीत आली ती अशी, फजितीतून.

त्यापुढच्या दहा वर्षांबद्दल मला बोलवत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी संसार थाटला, २००७ मध्ये मोडला. २००५ मध्ये १३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पुढं डिझेलच्या धुराचं प्रकरण झालं; चाचणीत धूर कमी दाखवल्याच्या आरोपांवरून २०२० मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांना सुमारे दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. आता चाकणला २००९ पासून स्वतःचा कारखाना आहे, तिथं विजेवरची ईक्यूएससुद्धा जुळवतात. तिच्याबद्दल मला विचारू नका, तिच्यात माझ्यासारख्यानं हात काळे करावेत असं फारसं काही नाही.

एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, ते सगळं ठीक आहे हो, पण मी जुनी बघितली आहे, ६० हजार चाललेली, घेऊ का? खरा प्रश्न हा असतो, पहिला नुसती प्रस्तावना. मागं एकजण अशीच एका एजंटाकडून बघितलेली गाडी दाखवायला घेऊन आला. मीटरवर ५८ हजार. मी बोनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरचं दार उघडून खाली वाकलो. ब्रेक पेडलच्या रबरावरचे खाचे पार गुळगुळीत, उजवी कड तर धातूपर्यंत गेलेली. सीटची दाराकडची शिवण बसून-उतरून फाटलेली. ५८ हजारांत रबर असं होत नाही, दोन-अडीच लाखांत होतं. मीटर मागं फिरवता येतो. दीडशे रुपयांचं रबर बदलायचं मात्र त्या एजंटाला सुचलं नव्हतं. गिऱ्हाइकानं टोकनचे पैसे सोडून दिले आणि मला वडापाव खायला घातला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर तेच, कोणत्या सालची? आणि साल सांगून झालं की गाडी घेऊन या, आधी पेडल बघू. सोमवारी गॅरेज बंद असतं.