म्हसवडच्या बायकांची बँक

सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी भाग, आणि तिथल्या म्हसवडला १९९७ साली बायकांनी स्वतःची बँक काढली, माणदेशी महिला सहकारी बँक. झालं असं की रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते पण बँक खातंच उघडेना. मग तिथं काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी बायकांना घेऊन लायसन्सला अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण बऱ्याच जणींचे अंगठे होते. बायका लिहायला वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनाही काढायला सांगा! मला हा किस्सा भयंकर आवडतो.

सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे पीककर्ज बाईला मिळणं अवघडच, राबते मात्र तीच. म्हणून शेळी, शिलाई मशीन, बाजारात भाजी लावायला भांडवल, असं छोटं कर्ज तिच्या नावावर मिळणं मला फार मोठं वाटतं. माझ्या मावशीनं बचत गटातून शेळी घेतली, करडं विकून कर्ज फेडलं, आता घरात कुठलाही खर्च निघाला की आधी तिला विचारतात.

फक्त हप्ता धंद्याला धरून हवा. भाजीवालीला रोजचा जमतो, शेळीवालीला करडं मोठी होईपर्यंत थांबायलाच पाहिजे, आणि दारात येऊन एकावर एक कर्ज देणारे असतात ना, त्यांना सरळ नाही म्हणा.